पूल म्हटलं की छापखाना

सात नंबरच्या बसमध्ये ज्या बाईचा आवाज 'पुढचा थांबा' म्हणतो, त्या आवाजाला दोन खोल्या, एक म्हातारा बाप आणि दुखरा गुडघा आहे, हे प्रवाशांच्या गावीही नसतं. ती डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर कारकून. सहा वर्षांपूर्वी गाड्यांमध्ये बोलतं मशीन बसवायचं ठरलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्या कारकुनांना एकेक वाक्य वाचायला लावलं आणि हिचा आवाज स्वच्छ निघाला. मग टायरांच्या खोलीत भिंतींना जाड चादरी टांगून दोन दुपारी तिचं बोलणं भरून घेतलं. तेव्हापासून ड्रायव्हर लोक तिला थांबाताई म्हणतात. तिला ते आवडत नाही, पण सांगते कोणाला.

खरी पंचाईत होती नावांची. रस्त्यांची आणि चौकांची नावं ठरवायला एक समिती होती, तिच्यात नऊ जण होते आणि नवांपैकी प्रत्येकाला आपला एकेक शब्द घालायचा होता. त्यामुळे ज्याला सगळं गाव नुसतं पूल म्हणे, त्याचं नाव झालं 'आदर्श शिक्षक व माजी उपनगराध्यक्ष गुरुवर्य धाकटे मास्तर शताब्दी स्मृती सेतू, पूर्व बाजू, जुन्या नाक्यासमोर'. दवाखान्याच्या नावात दवाखाना हा शब्द यायच्या आधी अकरा शब्द होते. ते सगळे म्हणून होईपर्यंत रांगेतला माणूस बरा होऊन घरी गेला असता. आणि वर हुकूम असा, की नोंदवहीत जसं आहे तसं, संपूर्ण, दोनदा आणि आदराने म्हणायचं. थांबाताईला एकेका नावात तीन ठिकाणी श्वास घ्यावा लागला.

गाडी थांब्यावरून सुटली की मशीन बोलायला लागायचं. पण एक नाव संपल्याशिवाय ते दुसरं सुरू करत नसे आणि दोन थांब्यांमधलं अंतर असून असून किती असणार? पहिल्या दोन थांब्यांतच मशीन एक थांबा मागे पडायचं आणि मग शेवटपर्यंत मागेच राहायचं. म्हणजे टाकीचं नाव संपायचं तेव्हा गाडी दवाखान्याला उभी. दवाखान्याचं संपायचं तेव्हा पुलावर. पुलाचं संपायचं तेव्हा छापखान्याला. पहिला महिनाभर लोक चुकले, चिडले, मग शिकले. नव्या माणसाला जुना माणूस समजावून सांगायचा, की बाबा रे, दवाखान्यात जायचंय ना, मग टाकी म्हटलं की उतर. लोकांना एकदा अंगवळणी पडलं की त्यांना खरं-खोटं विचारायला सवड नसते. साहेब लोक बसने येत नसत, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही.

थांबाताईला मात्र कळलं होतं. तिने स्वतः आपल्या वडिलांना ते शिकवलं होतं.

तिचे वडील, अप्पा, हे निवृत्त तारमास्तर. आयुष्यभर कट्ट-कडकट्ट करत दुसऱ्यांची जन्म-मरणं चार-चार शब्दांत पोचवली. काचबिंदूने नजर गेली ती इतकी, की उजेड आणि अंधार तेवढा वेगळा कळायचा. पण दर मंगळवारी सकाळी दहाला काठी घेऊन ते एकटे सात नंबरने निघत, ते पलीकडच्याकडे. पलीकडचा म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. तीस वर्षं दोघांनी एकाच तारेवर काम केलं, एकमेकांचा हात ओळखला, आणि तोंड पाहिलं ते निवृत्त झाल्यावर. अजूनही त्यांचं बोलणं जिभेने कमी आणि टेबलावर बोटांनी जास्त चालायचं. अप्पांचा रस्ता ठरलेला होता. पुलाचं नाव संपलं की उतरायचं, कारण पूल म्हटलं की छापखाना. उतरल्यावर चाळीस पावलं सरळ, मग डावीकडे, मग तिसरं दार. दार लोटायचं, टेबलाशी बसायचं आणि बोटांनी 'आलो' म्हणायचं.

या मंगळवारांवर एक सावट होतं. तीन महिन्यांपूर्वी अप्पा परत येताना शेजारच्या इमारतीत शिरले आणि आपल्या दाराला किल्ली का लागत नाही म्हणून दोन तास परक्या जिन्यावर बसून राहिले. थांबाताईचा मोठा भाऊ तीन तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहायचा. तो दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने निकाल दिला, की हे आणखी एकदा झालं तर अप्पा माझ्याकडे, नवव्या मजल्यावर, चोवीस तास माणूस सोबत. थांबाताई भांडायला उठली, पण अप्पांनी तिला हाताने बसवलं. "एकदा म्हणजे एकदा," ते म्हणाले. "शब्द दिला." अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तेव्हापासून दर मंगळवारी अप्पा पोचल्याचा फोन येईपर्यंत थांबाताईचं अर्धं लक्ष कामात नसायचं. आणि नवव्या मजल्यावर पलीकडचा कुठून येणार होता?

आता नावं आखूड करायची कल्पना कोणाची, तर अप्पांचीच. त्यांना ती लांब नावं सोसायचीच नाहीत. शब्दाला शब्द जोडणारा माणूस त्यांच्या लेखी उधळ्या. ते म्हणायचे, "नाव म्हणजे हाक. हाक मारताना धाप लागली तर ते नाव नव्हे, भाषण." ज्या माणसाचा मान ठेवायचा त्याचं नाव लोकांच्या तोंडात राहिलं पाहिजे, आणि तोंडात राहायचं तर ते घासाएवढं हवं. धाकट्या मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण त्या पुलावरून रोज जाणाऱ्या एकालाही त्यांचं नाव येत नाही, कारण ते संपेपर्यंत कोण ऐकतो? अप्पांनी लेकीला अर्ज सांगितला. तो असा: 'नावे लांब. लोक चुकतात. एक शब्द पुरे. कृपया.' समितीने तो परत पाठवला, कारणमीमांसा अपुरी म्हणून. मग थांबाताईने तोच अर्ज चार पानांचा केला, त्यात 'सदरहू' नऊ वेळा घातलं आणि दीड वर्षाने तो मंजूर झाला. पूर्ण नाव पाटीवर राहील, तोंडी एकच शब्द, एकदा गाडी सुटताना आणि एकदा दार उघडताना. थांबाताईने टायरांच्या खोलीत जाऊन अख्खा सात नंबर दीड मिनिटात बोलून टाकला. टाकी. दवाखाना. पूल. छापखाना. बाहेर आली तेव्हा तिला एकदम हलकं वाटत होतं. नवी नावं पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू व्हायची होती.

पण मशीनवाल्याला एक तारखेला रजा हवी होती. म्हणून त्याने काम आधीच उरकलं. सोमवारी संध्याकाळी सगळ्या गाड्यांत नवी नावं भरली आणि कोणालाही न सांगता घरी गेला.

मंगळवारी साडेदहाच्या सुमाराला डेपोच्या खिडकीवर पहिला माणूस आला. त्याने शांतपणे विचारलं, की दवाखाना हलवला का? थांबाताईला वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही. त्याच्या मागे एक नर्स होती, तीही दवाखान्यातली, आणि ती टाकीला उतरून चालत आली होती. तिच्या मागे आणखी चौघं. एका बाईचं म्हणणं, की आजपर्यंत गाडी खरं बोलायची, आजच खोटं बोलायला लागली. दुसरा म्हणाला, की नाही, आज ती खरंच बोलतेय, पण खऱ्याचा आम्हाला काय उपयोग? दोघं आपसात भांडायला लागले. तेवढ्यात मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की नव्या घोषणा चुकीच्या आहेत. थांबाताईने म्हटलं, की साहेब, आता तर त्या बरोबर आहेत, नाव छोटं झालं म्हणून वेळेवर येतंय. त्यावर साहेब म्हणाले, की बरोबर असत्या तर इतके लोक चुकले असते का? थांबाताईची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. आज मंगळवार होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चार पानं खरडली, दीड वर्ष खेटे घातले, सगळ्या गावाच्या सोयीचा विचार केला आणि घरातल्या एका माणसाला, आता नाव म्हटलं त्याच थांब्यावर उतरायचं, हे सांगायचं राहून गेलं. पूल म्हटलं की छापखाना, हे तिने अप्पांना घोटून घोटून शिकवलं होतं. आज पूल म्हटलं की पूल होता.

तिने पलीकडच्याच्या घरी फोन लावला. तो म्हणाला, की तारमास्तर आले नाहीत, पावणेअकरापर्यंत वाट पाहिली आणि मग फोनजवळच्या कागदावर वरचा नंबर होता तो फिरवला. वरचा नंबर भावाचा होता. म्हणजे भाऊ निघालासुद्धा असणार. थांबाताईने रजेचा अर्ज न देता पर्स उचलली आणि समोर उभ्या असलेल्या सात नंबरमध्ये चढली.

गाडी खच्चून भरली होती आणि कोणाला काही समजत नव्हतं. तिचाच आवाज डोक्यावरून म्हणाला, "टाकी." निम्मे लोक दाराकडे सरकले, बाहेर पाहून मागे सरकले, आणि ज्यांना खरोखर टाकीला उतरायचं होतं ते बसूनच राहिले. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, की ही बाई आज इतकं तुसडं का बोलते, घरी काही झालं का तिच्या? थांबाताईने मान खाली घातली. तिने ड्रायव्हरला विचारलं, अप्पा कुठल्या गाडीत होते, कुठे उतरले? त्याने पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावून दिला. तो म्हणाला, की तारमास्तर ना, उतरले की नेहमीच्या ठिकाणी, पूल म्हटल्यावर. थांबाताईने विचारलं, नेहमीच्या ठिकाणी की पुलावर? तो म्हणाला, तेच ते. मग थोडं थांबून म्हणाला, आज काही नक्की सांगता येत नाही बुवा, मी स्वतः सकाळी एकदा छापखाना समजून पुलावर जास्त वेळ थांबलो.

तिला वाटलं, अप्पा चलाख आहेत, छोटी नावं ऐकून त्यांनी ताडलं असेल. म्हणून ती आधी छापखान्याला उतरली. थांब्यावरचा पेपरवाला म्हणाला, की काठीवाले आजोबा आज दिसले नाहीत. मग ती उलटी पुलाकडे चालत गेली. पुलाच्या थांब्यावर बाक रिकामा होता. वर धाकट्या मास्तरांची ती लांबलचक पाटी, तिच्या निम्म्या अक्षरांवर गंज. थांबाताई तिथे उभी राहिली आणि तिला काही सुचेना. मग तिने अप्पांना सुचलं असतं ते केलं. डोळे मिटले आणि चाळीस पावलं सरळ मोजली. छत्तिसाव्या पावलाला तिला कोणीतरी धडकलं आणि आंधळी आहेस का म्हणून विचारलं. चाळिसाव्याला ती डावीकडे वळली. तिसरं दार उघडं होतं.

आत शिलाईमशीन होतं, त्यावर एक पोक्त शिंपीण. थांबाताईने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आजोबांच्या कोण तुम्ही?"

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. साडेदहाला ते आत आले, सराइतासारखे. खुर्ची चाचपली, कापायच्या टेबलाशी बसले आणि बोटांनी टेबलावर टकटक केली. तिला वाटलं, गिऱ्हाईक घाईत आहे. ती म्हणाली, आलेच, काज पुरं करते. तर ते थांबले आणि पुन्हा तीच टकटक. मग वाट पाहत बसले. तिसऱ्यांदा केली ती अगदी हळू. मग त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला, कात्री हाताला लागली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तिला उठून पाणी द्यावंसं वाटलं. पण ते पाणी न पिता उठले. मी चुकलो, मी चुकलो, असं दोनदा म्हणाले आणि गेले. तिने घरापर्यंत सोडू का विचारलं, तर नको म्हणाले.

थांबाताईला त्या टेबलाकडे बघवेना. अप्पांनी तीनदा 'आलो' म्हटलं होतं आणि पलीकडून कोणी काही म्हटलं नव्हतं.

ते सापडले ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, घरी जाणाऱ्या गाडीच्या थांब्यावर. काठी गुडघ्यांमध्ये, दोन्ही हात काठीवर, पाठ ताठ. परतीच्या चार गाड्या येऊन गेल्या होत्या आणि ते एकीतही चढले नव्हते. थांबाताई शेजारी बसली. त्यांनी तिच्या चपलांच्या आवाजावरून तिला ओळखलं होतं.

"मी कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.

"पुलावर, अप्पा."

त्यांनी नाक जरा वर केलं. मग म्हणाले, "मलाही तसंच वाटत होतं. पाण्याचा वास येतोय. गाडीही दर वेळी पूलच म्हणते. पण तू पूल म्हणालीस की पूल नसतो, हे मी सहा वर्षं शिकलोय. मग नाकाचं ऐकू, की तुझं?"

थांबाताईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं हे तिला ठरवता येईना. तिने सगळं सांगायला सुरुवात केली. मशीनवाल्याची रजा, एक तारीख, छोटी नावं. सांगता सांगता तिचाच गोंधळ उडाला. गाडी चुकीचं बोलत होती तेव्हा अप्पा बरोबर जात होते. गाडी बरोबर बोलली आणि अप्पा चुकले. ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई बापाला धड समजावत नाही की धड खोटं बोलत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ते म्हणाले, की म्हणजे आज गाडी बरोबरच बोलली. बरोबर बोललेलं ऐकून माणूस चुकीच्या जागी उतरला, तर चूक माणसाची. एकदा म्हणजे एकदा. दादा आला की मी त्याच्याबरोबर जातो. कपडे फार नाहीत, एका पिशवीत मावतील.

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. चूक माझी आहे, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, की ही लेकीची माया बोलते. तिने पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. रस्त्यावरून सात नंबर आली, दार उघडलं, तिचा आवाज म्हणाला "पूल", दार मिटलं आणि गाडी गेली. पाचवी गाडी. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता.

आणि त्या रागातच तिला ते सुचलं. तिने विचारलं, "अप्पा, तारेच्या ऑफिसात एके दिवशी सकाळी तुमची खुणांची वही बदलली. तुम्ही नवी वापरलीत. पलीकडच्याला कोणी सांगितलंच नाही, तो जुनीच धरून बसला. तार उलटीपालटी झाली. चूक कोणाची?"

अप्पांची पाठ आणखी ताठ झाली. हा आता त्यांच्या खात्याचा प्रश्न होता.

"पाठवणाऱ्याची," ते म्हणाले. "विचारायलाच नको. पोच आल्याशिवाय पुढचा शब्द पाठवायचा नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

"मी पोच घेतली नाही, अप्पा. सहा वर्षांची खूण मी बदलली आणि तुमची पोच न घेता तुम्हाला गाडीत बसवलं."

त्यांची बोटं काठीच्या मुठीवर आपोआप हलत होती, जुना हिशेब पुन्हा तपासावा तशी. मग ते हळूच म्हणाले, "तू पाठवणारी. हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मग मी त्या बाईच्या टेबलावर उगाच मेल्याहून मेल्यासारखा झालो."

थांबाताईने त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. भाऊ होता, हमरस्त्यावर कुठेतरी गाडी बाजूला घेऊन. त्याचा आवाज चढलेला. अप्पा सापडले का, कुठे आहेत, तुला मी सांगितलं नव्हतं का? सापडले, ती म्हणाली. पुलावर आहोत. भाऊ म्हणाला, कुठला पूल? तुमच्याकडे पूल किती, नाव काय त्याचं? त्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याला गाव सोडून वीस वर्षं झालेली आणि पूल त्यानंतरचा. थांबाताईने समोरच्या पाटीकडे पाहिलं आणि आदर्श शिक्षक व माजी उपनगराध्यक्ष इथपर्यंत वाचलं, तर तो म्हणाला, की हे काय वाचतेस, मला जागा सांग. परक्याला एक शब्द पुरत नाही आणि पंधरा शब्दांनी तो वेडा होतो, हे त्या चार पानांत लिहायचं राहिलं होतं. मग ती त्याला मशीन, तारीख, टाकी आणि दवाखाना समजावायला लागली आणि त्याने ओरडून विचारलं, की अप्पा चुकले की नाही चुकले, एवढं सांग.

अप्पांनी हात पुढे केला. तिने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी घसा साफ केला.

"तारमास्तर बोलतोय," ते म्हणाले. "पुलावर. ठीक. चूक पाठवणाऱ्याची. मोजू नकोस. परत फीर."

लहानपणी त्या घरात तारेसारखं बोलणं आलं, की त्यावर वाद नसायचा. भाऊ फोनमधून म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "जेवलात का?" अप्पा म्हणाले, "नाही," आणि फोन लेकीकडे दिला.

त्यांनी रस्ता ओलांडला आणि पुढच्या सात नंबरमध्ये चढले. ती कोपर धरून चढवू लागली, तर त्यांनी कोपर सोडवून घेतलं. आत बसल्यावर मात्र त्यांनी काठी घट्ट धरली. गाडी सुटली. डोक्यावरून तिचा आवाज म्हणाला, "छापखाना." गाडी थांबली, दार उघडलं. अप्पा हलले नाहीत. त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं.

"खरं?" त्यांनी विचारलं.

आवाज तिचा, शब्द तिचा, अर्जही तिचा. तरी थांबाताईने मान वाकवून खिडकीबाहेर नीट पाहिलं. पेपरवाला होता. छापखान्याचं निळं फाटक होतं. तिने दोनदा खात्री केली.

"खरं," ती म्हणाली.

अप्पा उठले. उतरल्यावर तीही दोन पावलं मागून निघाली, तेव्हा त्यांनी न वळता हात वर केला. ती थांबली. चाळीस पावलं तिने जागेवरूनच मोजली, ओठांत. एकतिसाव्याला एक सायकलवाला आडवा आला आणि तिचा जीव वर गेला, पण अप्पा थांबले, त्याला जाऊ दिलं आणि बत्तिसावं पाऊल टाकलं. चाळिसाव्याला ते डावीकडे वळून दिसेनासे झाले.

मग डेपोतून तिला फोन आला. साहेबांनी जुन्या घोषणा परत चढवायचा हुकूम काढला होता, कारण जुन्या बरोबर होत्या. नवीन कधी चढवायच्या ते समिती ठरवेल. उद्यापासून पूल म्हटलं की पुन्हा छापखाना. म्हणजे आज जे शिकले ते उद्या चुकणार. हे अप्पांना कसं सांगायचं, या विचाराने तिचं डोकं दुखायला लागलं. पण सांगायचं एवढं नक्की. आज, तोंडाने, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

ती त्याच थांब्यावर बसून होती तेव्हा फोन पुन्हा वाजला. पलीकडच्याच्या घरचा नंबर. तिने हॅलो म्हटलं, अप्पा म्हटलं, पण कोणी बोललं नाही. फोन बहुतेक टेबलावर ठेवला होता. आधी एका हाताची टकटक आली, छोटी. मग दुसऱ्या हाताची, लगेच. तिला त्यातलं एक अक्षरही कधी कळलं नव्हतं. कानाला फोन लावून ती ऐकत राहिली, आणि दोघं थांबले तेव्हा तिने बाकाच्या लोखंडावर बोटाने दोनदा टकटक केली.